फरशीवाल्याचं गवत

त्याला सगळे लेव्हलदादा म्हणायचे. उभा जन्म त्याने लोकांच्या घरात फरश्या बसवण्यात घालवला. दुसऱ्यांच्या खिशात पेन असतं, याच्या खिशात बोटभर लांबीची पिवळी लेव्हल असायची, सपाटी बघायची, आत पाण्यात बुडबुडा असलेली. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी गप्पा मारता मारता ती टेबलावर ठेवून बघायची त्याला खोड होती. लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेला तेव्हाही त्याने ती ठेवली आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगून टाकलं, "तुमचं टेबल खिडकीकडे उतरतंय." तरीही त्या घरात लेकीचं चांगलं चाललंय, हा व्याह्यांचा मोठेपणा.

हे आधी सांगितलं, कारण खोटं बोलण्याच्या बाबतीत हा माणूस किती कुचकामी होता ते कळायला हवं. वाकडं दिसलं की वाकडं म्हणायचं, एवढंच त्याला येत होतं. आणि आता म्हातारपणी त्याला खोटं बोलायची वेळ आली होती, तीही बायकोशी.

बायकोच्या पोटातलं दुखणं कसलं आहे ते डॉक्टरांनी त्याला आणि लेकीला हॉस्पिटलाच्या व्हरांड्यात बोलावून सांगितलं. औषध आता फक्त वेदना कमी करायला. दिवस फार नाहीत, थोडे आठवडे धरा. लेकीने डोळे पुसले, नाक ओढलं आणि पहिलं वाक्य बोलली, "बाबा, आईला यातलं काही कळता कामा नये." त्याने मान डोलावली. अशा वेळी घरची माणसं सगळ्यात आधी हेच का ठरवतात, देव जाणे. ज्याचं मरण, त्यालाच बातमीतून वगळायचं, आणि वर त्याला माया म्हणायचं.

घर दोन खोल्यांचं, पुढे अंगण. पुढच्या खोलीत खिडकीला लावून बायकोचा पलंग टाकला होता. त्या खिडकीतून अंगण दिसायचं, आणि अंगणात होती फरशी. साधीसुधी नव्हे. जिथे जिथे काम केलं तिथली उरलेली, कुठली गुलाबी, कुठली काळी, कुठली कुणाच्या न्हाणीघराची निळी, अशी सगळी जोडून त्याने ती बसवली होती. गंमत म्हणून येणारेजाणारे बघायला थांबत. उन्हं वर आली की मात्र ती अशी चमकायची की खिडकीतून बघवत नसे.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "अहो, एक मागू का?"

"माग की."

"ही फरशी उखडा. गवत लावा. जन्मभर फरशीच बघितली मी. आता डोळ्यांना हिरवं हवंय."

जन्मभर फरशी बघितली हे काही ती उगाच म्हणाली नव्हती. लग्नानंतर बरीच वर्षं ती त्याच्याबरोबर कामावर जायची. तो पुढे फरशी बसवत जायचा आणि ती मागून उकिडवी बसून, पांढऱ्या सिमेंटने जॉइंट भरत, ओल्या फडक्याने पुसत यायची. दोन फरश्यांमधली फट म्हणजे जॉइंट, आणि ते काम तिचं. तिने भरलेल्या जॉइंटवरून नख फिरवलं तर नखाला कळायचं नाही. लेक झाली तशी ती घरी बसली. पुढे कितीतरी हाताखालचे आले आणि गेले, पण त्यांच्या जॉइंटला लेव्हलदादाने कधी बरं म्हटलं नाही. घरी येऊन मात्र तिला सांगायचा, "तुझ्यासारखं एकाला जमत नाही." तेवढंच काय ते त्याचं प्रेम.

तर त्याने छिन्नी-हातोडा काढला आणि स्वतःची फरशी फोडायला बसला. गुडघे कधीच गेले होते, म्हणून खाली पोतं दुमडून घेतलं. फरशी काही हलेना. "कुठल्या गाढवाने एवढं पक्कं काम केलंय!" असं तो स्वतःलाच शिव्या घालत होता, आणि खिडकीतून ती हसत होती. त्या सगळ्या दिवसांत ती पोट धरून हसली अशी तेवढीच वेळ.

अंगण मोकळं झालं तसा तो नर्सरीत गेला. नर्सरीवाली बाई तोंडाने फटकळ, पण धंद्याला सरळ. तिने विचारलं, "बी टाकणार की तयार गवत?"

"फरक काय?"

"बी टाकलं की ते उगवायचं, पसरायचं, अंगण भरायचं, म्हणजे बरेच महिने धरा. पण मुळं आपली आपण खोल जातात, मग मरता मरत नाही. तयार गवत म्हणजे हे." तिने शेडखाली रचलेली चळत दाखवली. मातीसकट कापलेले गवताचे चौकोन, एकसारखे. "आज अंथरलं की आज हिरवं."

लेव्हलदादा ते चौकोन बघतच राहिला. या तर फरश्याच! मोजायच्या, रांगेत लावायच्या, संध्याकाळपर्यंत काम खलास. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या हातात काहीतरी सापडल्यासारखं झालं. उद्याच घेऊन जातो म्हणून सांगून तो जवळजवळ पळतच घरी आला.

"तयार गवत मिळतं गं. अंथरलं की झालं," तो म्हणाला.

"तयार कशाला? बी टाका."

"अगं, बियांना वेळ लागतो."

"मग लागू दे की. आपल्याला कसली घाई आहे?"

ती सरळ त्याच्याकडे बघत होती. माहेरी येऊन राहिलेली लेक औषधाची बाटली हातात धरून मागे उभी होती आणि डोळे वटारत होती. आता काय बोलायचं? घाई आहे म्हणावं तर सगळंच सांगितल्यासारखं होतं. घाई नाही म्हणावं तर बी टाकावं लागणार, आणि ते अंगण भरून हिरवं होईल तेव्हा या पलंगावर कुणी नसणार. आयुष्यात तिने त्याच्याकडे मागितलेली ही बहुधा पहिली गोष्ट, आणि ती देता येत नव्हती, आणि का देता येत नाही तेही सांगता येत नव्हतं.

"नाही, घाई कसली," तो म्हणाला आणि बी घेऊन आला.

नर्सरीवालीने बजावलं होतं की माती वीतभर खोल खणा, खत मिसळा आणि भुसभुशीत ठेवा. त्याने खणली, मिसळली, पसरली. मग कमरेवर हात ठेवून बघितलं. इथे ढेकूळ, तिथे खळगा, पावलं रुतत होती. असं काम त्याने जन्मात सोडलं नव्हतं. कोपऱ्यात धुम्मस पडलेली होती, फरशीखालची जमीन ठोकून घट्ट करायचं ते लोखंडी वजन. त्याने ती उचलली आणि अख्खं अंगण ठोकून काढलं. मग लांब पट्टी ओढली, पट्टीवर लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये आला.

"आली का लेव्हल?" खिडकीतून तिने विचारलं.

"आली!"

दोघांनाही समाधान वाटलं. फरशीवाल्याची जोडी ती, जमीन म्हटली की घट्ट आणि सपाट, यापलीकडे दोघांनाही सुचणार नव्हतं. त्यावर त्याने बी भुरभुरलं आणि पाणी मारलं. पाणी आत जाईना आणि वाहूनही जाईना, कारण उतार नावालाही नव्हता. बी त्यावर तरंगलं, कडेकडेला जमलं, आणि उन्हाने पाणी आटल्यावर चिमण्यांनी पंगत मांडली.

सकाळी डोळे उघडले की तिचा पहिला प्रश्न, "आलं का हो?"

"येतंय, येतंय."

रोज तेच. तो बाहेर जायचा, पोत्यावर गुडघे टेकायचा, नाक जमिनीला लागेल इतका वाकून बघायचा. काही नसायचं. पुन्हा बी टाकायचा, पुन्हा पाणी. आत ती दिवसेंदिवस खंगत चाललेली. आधी भात संपेना, मग पेज संपेना, मग घोटभर पाणीसुद्धा नकोसं झालं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा लेकीने त्या काढून ठेवल्या. आणि बाहेर ही जमीन ढिम्म. त्याला वाटायचं हिला फाडून काढावी. माणसाला राग काढायला काहीतरी लागतं. डॉक्टरवर काढून उपयोग नव्हता, देवावर काढायची हिंमत नव्हती, म्हणून तो मातीवर काढायचा.

एका सकाळी "आलं का हो?" असं तिने विचारताच त्याने सांगून टाकलं, "आलं! बारीक आलंय."

"कुठे? दाखवा की."

"इथून नाही दिसायचं. फार बारीक आहे."

"बरं," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्याच आठवड्यात दुखणं वाढलं आणि तिला काही दिवस हॉस्पिटलात ठेवायला लागलं. लेक तिच्याजवळ राहिली. लेव्हलदादा कपडे न्यायला घरी आला आणि अंगणात उभा राहिला. रिकाम्या पलंगाची खिडकी, रिकामं अंगण. तो तिथेच मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. शेजारीण आपल्या दारात आली आणि तशीच परत आत गेली.

रडून झाल्यावर त्याने ठरवलं. खोटं तर खोटं. ती यायच्या आत तयार गवत अंथरायचं आणि बी उगवलं म्हणून सांगायचं. तिने हिरवं बघितलं म्हणजे झालं.

"खाली माती नीट केलीय ना?" नर्सरीवालीने चौकोन टेम्पोत भरताना विचारलं.

"एकदम पक्की. पाणीसुद्धा हलत नाही."

"अहो, पक्की नको..." ती म्हणत होती, पण तोवर टेम्पो सुरू झाला होता आणि याचं लक्ष रस्त्याकडे लागलं होतं.

त्याने दोरी बांधली, काटकोन काढला, कोपऱ्यातून सुरुवात केली. हात आपले आपण चालू लागले. चौकोन ठेवायचा, रबरी हातोड्याने ठोकायचा, लेव्हल बघायची, पुढचा. नर्सरीतलं गवत एकमेकांना खेटून लावायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्याच्या मनातही आलं नाही. अंगणात दगडी फरशी बसवताना दोन फरश्यांमध्ये अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी ठेवतात, मग ती काढून फट भरतात. त्याने घरातल्या सगळ्या पट्ट्या तशाच मध्ये ठेवल्या आणि शेवटी काढून घेतल्या. काम उरकलं तेव्हा गुडघे सुजून टम्म झाले होते. पण समोर हिरवंगार होतं, आणि त्या हिरव्याकडे बघून त्याला वाटलं की आपण जिंकलो.

तिला उचलूनच घरात आणावं लागलं. लेकीने उशा लावून तिला खिडकीत टेकवलं आणि पाणी गरम करायला आत गेली. लेव्हलदादा पलंगाशी उभा राहिला.

"बघ, आलं की नाही? तू नव्हतीस तेवढ्यात भसाभस वर आलं."

तिने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बघितलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "छान आलंय." आणि थोडं थांबून विचारलं, "जॉइंट केवढा ठेवलाय?"

"अर्धा इंच," तो म्हणाला.

कामाबद्दल विचारलं की खरं उत्तर द्यायचं, ही जन्माची सवय. शब्द तोंडातून गेला आणि मग त्याला कळलं की आपण काय बोललो. त्याने पलंगाची कड धरली.

"बी अशा रांगा धरून उगवतं होय?" ती म्हणाली. चिडवल्यासारखंच म्हणाली, पण हसायला तिच्यात जोर नव्हता. "डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत माझे?"

त्याने चादरीची सुरकुती सरळ करायला घेतली.

"नका सांगू. मला ठाऊक आहे. त्या दिवशी हॉस्पिटलातून आल्यापासून तुम्ही माझ्याशी एकदाही भांडला नाहीत. तेव्हाच कळलं."

"मग बी कशाला म्हणालीस?" तो एकदम ओरडला. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. "ठाऊक होतं तर बी कशाला? पहिल्याच दिवशी हे अंथरलं असतं! एवढे दिवस डोळे भरून बघितलं असतंस!"

"मला कुठे बघायचं होतं? डोळ्यांना हिरवं हवंय, ते आपलं सांगायला सांगितलं." ती दम खात बोलत होती. "हे अंथरलं की तुमचं काम संपलं. मग काय कराल? काम सुटलंय, गुडघे गेलेत. त्या खुर्चीत बसाल आणि भिंत बघाल. बियांना रोज पाणी लागतं. रोज सकाळी उठावंच लागतं."

"मला नाही उठायचं," तो म्हणाला. लहान मूल हट्टाने म्हणतं तसं म्हणाला. "तू नसलीस तर मला नाही उठायचं. कशाला उठू? सांग ना, कशाला?"

तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि त्याला शेजारी बसवून घेतलं. लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती आणि तोंडावर पदर धरून रडत होती. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, पण त्याने कुणाला हलकं वाटलं असं म्हणवत नाही.

मग ती म्हणाली, "जॉइंट उघडे ठेवून काम सोडतात का कुणी? भरा ते."

"कशाने?"

"बी उरलंय ना?"

तो बाहेर गेला. तिचं काम त्याने कधी केलं नव्हतं. पत्र्याच्या पट्टीने त्याने फटीतली माती उकरली, बारीक मातीत बी कालवलं आणि एकेक जॉइंट भरत गेला. सवयीने अंगठा दाबला की खिडकीतून आवाज यायचा, "दाबू नका हो. मोकळं राहू द्या." आवाज इतका खोल गेला होता की तो दर वेळी उठून, लंगडत, खिडकीशी कान नेऊन पुन्हा विचारायचा. "काय म्हणालीस?" "दाबू नका म्हटलं." एक रांग झाली की ती मान हलवायची. बहुतेक वेळा नाही अशीच हलवायची. त्याचं काम तिला पसंत नव्हतं.

शेवटच्या रांगा भरताना त्याला दिसलं की गवताच्या कडा वळायला लागल्यात. हिरव्यात पिवळं शिरलं होतं. खालची ठोकलेली जमीन मुळांना आत घेत नव्हती. त्याने पाण्यावर पाणी ओतलं.

"वाळतंय वाटतं," ती म्हणाली.

"नाही गं, ऊन लागलंय जरा."

हे खोटं तिने चालवून घेतलं.

त्यानंतर ती फार राहिली नाही. एका सकाळी "आलं का हो?" असं विचारायला तिने डोळे उघडले नाहीत. लेकीने हाका मारल्या. तो बाहेर पाण्याची बादली भरत होता.

माणसं आली, गेली. लेव्हलदादा खुर्चीत बसला आणि भिंत बघू लागला, ती म्हणाली होती तस्साच. लेक ताट आणायची, ताट तसंच परत न्यायची. अंगणातलं गवत तपकिरी पडलं, मग पार वाळून गेलं. पाणी तेवढं लेक जातायेता मारत होती, तेही आईची आठवण म्हणून. एक दिवस तिला राहवेना. "बाबा, ते काढून तरी टाका. बघवत नाही."

त्याला तेवढं निमित्त पुरलं. तो उठला, कुदळ घेतली आणि चिडून बाहेर गेला. या गवतासाठी आपण तिच्याशी खोटं बोललो, आणि तेही मेलं. सगळं उपटून पुन्हा फरशी टाकायची, काळी, आणि विषय संपवायचा. तो पहिल्या चौकोनाशी गुडघ्यावर बसला आणि तो उचकटायला बोटं फटीत घातली.

बोटांना काहीतरी मऊ लागलं.

त्याने वाकून बघितलं. जॉइंटमध्ये दोऱ्यासारखी बारीक, पोपटी पाती उभी होती. त्याने पुढचा जॉइंट बघितला, त्याच्या पुढचा. अंगणभर चौकोन सगळे मेलेले होते आणि फटी सगळ्या हिरव्या होत्या, आडव्या आणि उभ्या, दोरी धरल्यासारख्या सरळ. जेवढी जागा तिने दाबू दिली नव्हती, तेवढीच जगली होती.

"आलं!" तो खिडकीकडे बघून जोरात म्हणाला. "अगं, आलं!"

खिडकीत लेक गादीची चादर घडी करत होती. ती दचकली. "काय आलं, बाबा?"

तो कपाळ जमिनीला टेकवून रडत राहिला, आणि लेक बाहेर धावत आली तरी थांबला नाही. बरं वाटलं असं काही नाही. उलट, आता हे जगवावं लागणार, उद्याही उठावं लागणार, परवाही, हे कळून त्याला आणखीच रडू आलं. शेवटी त्याने लेकीचा खांदा धरून गुडघे सरळ केले, कुदळ भिंतीला लावली आणि बादली घेऊन नळाकडे गेला, कारण ऊन वर यायच्या आत पाणी घालायला हवं होतं.